झोटेरो: डिझर्टेशन लिहिणाऱ्यांनी आधी हे डाऊनलोड करा

एमएच्या डिझर्टेशनला माझे ६० च्या वर संदर्भ, सगळे हाताने टाइप केलेले आणि सबमिशनला आठवडा असताना कळलं की संदर्भांची स्टाइल एमएलए नाही एपीए पाहिजे, रडायचीच बाकी होते. मैत्रिणीने झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. २००६ पासून आहे, फुकट आहे. पुस्तकाचा आयएसबीएन नंबर किंवा लेखाचा डीओआय (ऑनलाइन ओळख क्रमांक) टाकला की लेखक, वर्ष, प्रकाशक बहुतेक आपोआप येतं, आणि वर्डमध्ये स्टाइल बदलली की कंसातले संदर्भ न शेवटची यादी दोन्ही एका झटक्यात बदलतात! आयएसबीएन नसलेली जुनी मराठी पुस्तकं मी हाताने भरली, अनुवादकाचंसुद्धा नाव वेगळं टाकता येतं. ऑनलाइन जागा फुकटात ३०० एमबीच, पण पीडीएफ लॅपटॉपवरच ठेवल्या तर काही अडत नाही. पहिल्या सेमिस्टरपासूनच वापरा खरंच.