एक्स-रे ध्रुवीकरणाची कार्यशाळा, राजारामपुरी: पैसे वसूल

रविवारी पोरीला घेऊन गेलतो, दोन तासाचे १५० रुपये आणि खरं सांगतो लय भारी झालं. सुरुवातीलाच सरांनी पोलराइड गॉगलच्या दोन काचा हातात दिल्या, एकावर एक धरून एक हळूहळू फिरवली की उजेड कमी कमी होत पार काळोख, पोरगी तेच करत बसली. ध्रुवीकरण म्हणजे उजेडाच्या लहरी एकाच दिशेत डोलणं, ते काचेनं असं कळतं. मग म्हणाले एक्स-रेला असली काच चालत नाही, शिवाय आभाळातले एक्स-रे वातावरणातच शोषले जातात, म्हणून यंत्र वर पाठवायला लागतं.

इस्रोचा एक्सपोसॅट, म्हणजे हेच ध्रुवीकरण मोजणारा उपग्रह, १ जानेवारी २०२४ ला गेला, साधारण ६५० किमीवर. त्यातलं पोलिक्स हे यंत्र बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेनं बनवलंय, आत बेरिलियमची चकती, चारी बाजूनं डिटेक्टर, किरण चकतीवर आपटून कुठल्या बाजूला जास्त उडतात ते मोजायचं, कारण ध्रुवीकरणाच्या दिशेला काटकोनात जास्त उडतात. हे फळ्यावर इतकं सावकाश काढून दाखवलं की माझ्यासारख्या कॉमर्सवाल्यालाबी कळलं. नासा आणि इटलीचा आयएक्सपीई हा तसलाच उपग्रह २०२१ पासून वर आहे, तो २ ते ८ केईव्ही (एक्स-रेच्या ऊर्जेचं माप) बघतो, आपलं पोलिक्स ८ ते ३०, म्हणजे तो थांबतो तिथनं आपलं सुरू, ऐकून छाती फुगली राव.

तक्रार एकच, प्रोजेक्टर लय अंधुक, क्रॅब नेब्युला (फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला ढग) मागच्या रांगेत नुसता डाग दिसत होता. लवकर जाऊन पुढं बसा. आम्ही परत जाणार.