मराठी सिनेमांचं अ‍ॅप, वर्षाचं पॅक: प्रभावळकरांसाठी घ्या

बेळगावात आमच्या केबलवर मराठी चॅनल मोजकेच, म्हणून हे अ‍ॅप घेतलं आणि सध्या घरात नुसते दिलीप प्रभावळकरच चाललेत. पोरं १९९३ चा 'झपाटलेला' परत परत बघायलीत, आई 'चौकट राजा'तल्या नंदूला बघून डोळे पुसायलीय, आणि तात्या विंचू, नंदू, टिपरेंचे आबा, मुन्नाभाईतले गांधी हे सगळे एकच माणूस हे पोरांना पटतच नाही की! त्या गांधींना आणि 'शेवरी'ला मिळून राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, उगाच नाही. पण दूरदर्शनचे चिमणराव इथं नाहीत, सर्च भंगार, खानापूरला गेलो की नुसतं गोल फिरतंय. तरी साडेतीन स्टार, पॅक ऑफर आली की घ्या.