एंडलेस लव्ह: डायना रॉसबरोबरचं की शनाया ट्वेनबरोबरचं?

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नवरा-बायकोने मिळून एखादं इंग्रजी गाणं म्हणायचं ठरवलं, की 'एंडलेस लव्ह'चं नाव हमखास निघतं. मग प्रश्न येतो, कुठलं? १९८१ सालचं, लायनेल रिची आणि डायना रॉस या अमेरिकन गायक-गायिकेचं? की २०१२ मध्ये त्याच रिचीने कॅनडाच्या शनाया ट्वेनला बरोबर घेऊन केलेलं, कंट्री बाजाचं, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतल्या लोकसंगीताच्या वळणाचं? गेल्या वर्षी नणंदेच्या कार्यक्रमासाठी आम्ही नवरा-बायकोने महिनाभर दोन्हींच्या कराओके ट्रॅकवर रियाज केला, म्हणून हे सांगायला बसले आहे.

आधी मूळ गाणं. फ्रँको झेफिरेल्लीच्या याच नावाच्या चित्रपटासाठी रिचीने ते लिहिलं. तेव्हा तो लॉस एंजेलिसमध्ये कंट्री गायक केनी रॉजर्सच्या अल्बमच्या कामात अडकलेला आणि डायना रॉसचे कार्यक्रम लेक टाहोला चाललेले. शेवटी दोघं नेवाडातल्या रीनो शहरात भेटले आणि तिचा कार्यक्रम आटोपल्यावर, पहाटे साडेतीनच्या सुमाराला रेकॉर्डिंगला उभे राहिले. ऐकताना या जागरणाचा मागमूसही लागत नाही. गाणं बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत सलग ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं.

या गाण्याची खरी गंमत उत्तरार्धात आहे. सुरुवातीला दोघं आळीपाळीने एकेक ओळ घेतात, जणू एकमेकांचा अंदाज घेत असावेत. मग ओळी एकमेकींवर चढू लागतात. डायना वर जाते, तिचा आवाज बारीक, चकचकीत तारेसारखा ताणला जातो आणि रिची खालून तिला भरणा देत राहतो. मागे व्हायोलिनांचा ताफा फुलत जातो. सगळं भरभरून, ओसंडून. तरुण प्रेमाला असंच बोलायचं असतं. पण गायला उभं राहिलात की तिथेच घाम फुटतो. मला त्या जागेवर आवाज चोरावा लागत होता, आणि चोरलेला आवाज या गाण्यात लगेच उघडा पडतो.

आता दुसरं. 'टस्कीगी' हा २०१२चा अल्बम रिचीच्या जन्मगावाच्या नावाचा आहे. अलाबामा राज्यातलं हे छोटं गाव. आपलीच जुनी गाणी त्याने यात कंट्री गायक-गायिकांबरोबर पुन्हा गायली. हा माणूस त्या संगीतात पाहुणा म्हणून गेला असं समजू नका. केनी रॉजर्सचं १९८०चं 'लेडी' त्यानेच लिहिलेलं, आणि ते पॉप व कंट्री अशा दोन्ही याद्यांत अव्वल होतं. 'टस्कीगी'सुद्धा दोन्ही अल्बम-याद्यांच्या शिखरावर पोचला.

पण मला या आवृत्तीत ओढून नेते ती शनाया. २००२ नंतर तिचा नवा अल्बम आला नव्हता. घसा साथ देईना, संसार मोडलेला, पुन्हा गाता येईल याचा भरवसा उरला नव्हता. २०११च्या एका दूरचित्रवाणी मालिकेत तिने आवाज परत मिळवण्याची आपली धडपड जगासमोर मांडली. त्या काळातलं हे गाणं आहे. तिचा आवाज खालच्या अंगाने येतो, श्वासाळलेला, किंचित खरबरीत. डायनासारखी झेप ती घेत नाही. गिटार पुढे, बाकी सगळं जरा मागे. रिचीचा आवाजही तीस वर्षांनी जाड झालेला, आणि तो तिला सांभाळून घेत गातो. तेच शब्द आहेत, पण पहिल्यात ते नुकतं प्रेमात पडलेल्यांचे वाटतात आणि इथे बरंच काही सोसून आलेल्यांचे.

एक उणीव मात्र आहे. चाल, मांडणी, आळीपाळी, सगळं जवळपास जुनंच ठेवलंय. कंट्री आहे ते वाद्यांत आणि गळ्यात. आणखी धीटपणे मोडतोड केली असती तर मला जास्त आवडलं असतं. (१९९४ची मरायाह केरी आणि ल्यूथर व्हँड्रॉस यांची आवृत्तीही प्रसिद्ध आहे, पण ती दोन कसलेल्या गळ्यांसाठी आहे. घरच्या समारंभात तिच्या वाटेला जाऊ नका.)

तर कुठलं घ्यायचं? नुसतं लावायचं असेल, दिवे मंद करून जोडप्याला नाचवायचं असेल, तर रॉस-रिचीचंच. त्या व्हायोलिनांना तोड नाही. स्वतः गायचं असेल आणि बाईंचा आवाज मुळातच नाजूक, उंच असेल, तरीही तेच घ्या. पण चाळिशी-पन्नाशीतला, थोडा बसलेला आवाज असेल, तर ट्वेनचा ट्रॅक. तिथे ओरडावं लागत नाही, शेजारच्या माणसाकडे बघत गाता येतं. आम्ही तेच घेतलं. नणंदेच्या कार्यक्रमात शेवटच्या ओळीला नवऱ्याचा आवाज जरा कापला, आणि त्या गाण्यात तो शोभून गेला.

ट्रॅक उतरवून घेण्याआधी एकदा आपल्या पट्टीत गुणगुणून पाहा. बऱ्याच कराओके अ‍ॅपमध्ये पट्टी एक-दोन सुरांनी खाली आणता येते. ती खाली आणली की पुरुषाच्या आवाजाचा खर्ज कुठवर जातो, तेही आधीच तपासा. माझा नवरा पहिल्या ओळीलाच अडला होता.