बेळगावच्या टिळकवाडीतलं भाड्याचं किचन, दोन महिने वापरून

घरच्या ओटीजीत, म्हणजे छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये, एका वेळी एकच केक, गणपतीत ऑर्डरी वाढल्या की रात्रीचे दोन वाजायचे, म्हणून शेवटी हे तासावर मिळणारं किचन घेतलं. ओव्हन एकदम भारी, दोन ट्रेचा डेक, थ्री फेज कनेक्शन आणि १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर, त्यामुळे मधेच गॅस संपायची धाकधूक नाही. मालकीणबाई बोलायला गोड आहेत खरं पावतीचं नाव काढलं की उद्या देते म्हणतात, ते उद्या अजून आलेलं नाही. एफएसएसएआयच्या, म्हणजे खाद्यपदार्थ विकायला लागणाऱ्या सरकारी नोंदणीच्या, रजिस्ट्रेशनला वर्षाला १०० रुपयेच लागतात, खरं जागेचा पुरावा जोडावा लागतो आणि तो १४ आकडी नंबर लेबलवर छापावा लागतो, तेव्हा भाड्याचा कागद आधीच मागून घ्या की, मी नंतर मागितला आणि तीन आठवडे हेलपाटे घातले. अजून एक, बेळगावचा पाऊस म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, खोलीला एकच खिडकी, एसी नाही, जुलैत मेरांग (अंड्याचा पांढरा आणि साखर फेटून भाजलेले) चिकट व्हायचे ते व्हायचेच. अंडं चालतं का ते पण विचारा, इथे बुधवार-शनिवार फक्त एगलेस. माझे गिऱ्हाईक निम्मे एगलेसवालेच, म्हणून चाललं. पाचपैकी साडेतीन.