अंकोरचा तीन दिवसांचा पास: पैसे वसूल, पण पहाटेच्या गर्दीत नव्हे

एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. कंबोडियातल्या अंकोरच्या जुन्या देवळांच्या तिकिटाचे हे भाव बघून आपल्याकडचा माणूस हमखास पहिल्यावर बोट ठेवतो. "देवळं बघायला तीन दिवस कशाला?" हे मी घरात, सोसायटीत आणि भिशीत, तिन्हीकडे ऐकलं. माझं मत विचाराल तर तिथवर जाणारच असाल तर तीन दिवसांचा घ्या. एका दिवसात अंकोर वाट, बायॉन आणि ता प्रोम या तिन्ही मोठ्या देवळांचे फोटो निघतात, बघणं होत नाही. शिवाय तीन दिवसांचा पास सलग वापरायची सक्ती नाही. काढल्यापासून दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतात. मधला एक दिवस खोलीवर पाय पसरून पडता येतं, आणि साठीच्या गुडघ्यांना त्याची गरज पडतेच.

तिकीट देवळाच्या दारात मिळत नाही, हे रिक्षात बसायच्या आधी लक्षात ठेवा. जवळच्या सियाम रीप शहरात त्याचं वेगळं केंद्र आहे. खिडकीपाशी उभ्याउभ्या फोटो काढतात आणि तो पासावर छापून देतात. ऑनलाइनही काढता येतो. रांग भराभर सरकते, बोलणं नीट, सुट्ट्या पैशांची कटकट नाही. प्रत्येक पासामागे २ डॉलर कांथा बोफा या लहान मुलांच्या रुग्णालयांना जातात, हे मला आवडलं. पास सतत जवळ हवा, जवळजवळ प्रत्येक देवळाशी तपासतात. आमच्या वहिनींचा त्यावरचा फोटो आधार कार्डापेक्षा पुष्कळ बरा आलाय आणि त्यांनी तो अजून पर्समध्ये जपून ठेवलाय.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माळकरी आहेत, रामायण-महाभारत तोंडपाठ. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला मुलं बसवण्यात उमेद गेली, आता निवृत्त. ही जोडी अंकोरला चालते का? पुढे वाचा.

आधी पहाटेचं सांगून टाकते. आमच्या हॉटेलने 'सनराइज टूर' गळ्यात मारली. साडेचारला उठवलं, डब्यात दोन केळी आणि कोरडा पाव दिला आणि अंधारात तळ्याच्या काठी नेऊन उभं केलं. पुढे माणसांच्या चार-पाच ओळी, प्रत्येकाचा हात वर, हातात मोबाइल. मला दिसलं ते बहुतेक लोकांच्या पडद्यावरच. आता साधा विचार करा. अंकोर वाटचं तोंड पश्चिमेला आहे. सूर्य उगवतो देवळाच्या पाठीमागून. म्हणजे त्या वेळी समोर असते ती फक्त काळी बाह्यरेषा, कोरीवकाम शून्य. पाच शिखरांमागे आकाश लाल होतं, छान दिसतं, नाही म्हणत नाही. पण त्यापायी दिवसभर डोळे चुरचुरत राहतात आणि टूरवाल्याला दुपारच्या आत सगळं उरकायची घाई असते. याच दर्शनी बाजूला दुपारी तीननंतर जा. ऊन थेट अंगावर पडतं, दगड मधासारखा पिवळा होतो आणि दारांच्या बाजूला कोरलेल्या देवतांच्या वेण्या, कमरेचे शेले, हातातली फुलं एकेक करून मोजता येतात. अशा स्त्रिया या देवळात सतराशेहून जास्त आहेत आणि केशरचना किती तऱ्हेच्या! माझ्या विद्यार्थिनींना दाखवायला हव्या होत्या.

दुसऱ्या वेळी आम्ही हॉटेलला बाजूला ठेवलं आणि परवानाधारक गाइड स्वतः ठरवला. हे पैसे वाचवू नका. तुमच्या घरात वहिनींसारखं कुणी असेल तरीही.

अंकोर वाट बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा दुसऱ्या सूर्यवर्मनने विष्णूसाठी बांधलं. सुमारे १९० मीटर रुंद खंदक ओलांडून आत शिरलं की पश्चिमेच्या गोपुरातच उजव्या अंगाला आठ हातांची भव्य मूर्ती उभी आहे. मूळची विष्णूची, आता लोक 'ता रीच' म्हणून पुजतात. उदबत्त्या, फुलं, भगवी वस्त्रं. देऊळ पुढे बौद्धांचं झालं, तरी पूजा थांबलेली नाही. वहिनींनी चपला काढून तिथेच डोकं टेकवलं, कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. एक आजीबाई उलट सरकून जागा देत होत्या.

खरा प्रसंग पुढे आहे. देवळाच्या बाहेरच्या ओवरीत भिंतभर उठावाची चित्रं आहेत, माणसाच्या उंचीपेक्षा उंच आणि चारी बाजूंना पसरलेली. गाइड उजवीकडे वळला. वहिनी जागच्या हलेनात.

"अगं, देवाला डाव्या हाताला ठेवून कसं जायचं? ही उलटी प्रदक्षिणा झाली."

मी इंग्रजीत सांगितलं. गाइड हसला आणि म्हणाला, हा प्रश्न मला वर्षातून एखादाच माणूस विचारतो. मग त्याने खुलासा केला तो असा. देऊळ पश्चिमाभिमुख, आणि चित्रांचा क्रमही असाच उलटा लागतो. म्हणून पुष्कळ अभ्यासकांना वाटतं की या बांधणीचा राजाच्या अंत्यसंस्काराशी संबंध असावा. वहिनींना पुढचं सांगावं लागलं नाही. "म्हणजे अपसव्य," त्या म्हणाल्या. "पण मी काही राजाचं श्राद्ध घालायला आले नाही." आणि ताठ मानेने डावीकडे निघून गेल्या.

तर मी गाइडबरोबर उजवीकडून, वहिनी एकट्या डावीकडून. मला पहिलं लागलं कुरुक्षेत्र. डावीकडून कौरवांचं सैन्य, उजवीकडून पांडवांचं, मधे दोन्ही एकमेकांत घुसलेली. कडेला सैनिक एका तालात, एकामागे एक अशा तिरक्या ओळींत चालतात, आणि मध्याकडे जावं तसा तो ताल मोडत जातो, ढाली वाकड्या, घोडे उताणे. जवळ-लांब दाखवायला यथादर्शन, म्हणजे लांबचं लहान काढायची रीत, वापरलेलं नाही, फक्त एकावर एक आकृत्या आणि कमी-जास्त उठाव. कौरवांच्या बाजूला वर भीष्म, अंगभर बाण, भोवती माणसं जमलेली. कुठेही फलक नसता तरी आपल्याकडचं शाळकरी पोर ओळखेल. शेजारी उभ्या असलेल्या एका परदेशी जोडप्याला त्यांच्या गाइडने "कुणीतरी मोठा योद्धा" एवढंच सांगितलं. म्हणून म्हणते, गाइड निवडताना दोन प्रश्न विचारून बघा.

दक्षिणेच्या भिंतीवर खुद्द सूर्यवर्मनची मिरवणूक आहे. ज्याच्या डोक्यावर छत्र्या जास्त त्याचा मान मोठा, हे एकदा कळलं की सगळ्या दरबाराची उतरंड वाचता येते. सयामी (आजच्या थायलंडकडचे) शिपाई मात्र पाय ओढत, गप्पा मारत, ओळ मोडून चाललेत. कारागिराने शेजाऱ्यांची चांगली खोड काढली आहे. त्यापुढे ३७ स्वर्ग आणि ३२ नरक. रेड्यावर यम, पुढे निवाडा करायला चित्रगुप्त, आणि खाली नरकात ढकलले जाणारे पापी. स्वर्ग सगळे सारखे, बसलेली माणसं आणि पडदे. नरकात विविधता फार. कारागिरांचा जीव कुठे रमला ते कळतं.

पूर्वेच्या भिंतीपाशी, समुद्रमंथनासमोर, आम्ही पुन्हा भेटलो. वहिनी आधीच येऊन बसल्या होत्या. लंकेची लढाई त्यांनी गाइडशिवाय तपासून आणली होती: "मारुतीच्या खांद्यावर राम उभा आहे, मागे लक्ष्मण आणि बिभीषण. सगळं बरोबर आहे." पण समुद्रमंथनावर त्यांची हरकत होती, आणि ती रास्त होती. ४९ मीटर लांबीच्या या भिंतीवर डावीकडे ९२ असुर, उजवीकडे ८८ देव वासुकीला ओढतायत, मधे विष्णू, खाली कूर्म, वर उडत्या अप्सरा. इथवर ठीक. पण असुरांच्या टोकाला वासुकीची तोंडं धरून अनेक डोक्यांचा रावण उभा, आणि देवांच्या टोकाला शेपटीशी वानर!

"समुद्रमंथनात मारुती कुठून आला?"

गाइड म्हणाला, ख्मेर, म्हणजे इथल्याच, कारागिरांनी असंच कोरलंय. वहिनी म्हणाल्या, त्यांना कुणी तरी विचारायला हवं होतं.

मी मात्र इथे जवळजवळ तासभर खालच्या पट्ट्याकडे बघत होते. तिथे समुद्र आहे. कडेला मासे, मगरी, सुसरी अख्ख्या, सुखात पोहतायत. मध्याकडे, मंदाराजवळ जावं तसे त्यांचे तुकडे होत जातात. धड इकडे, शेपूट तिकडे, मासा उभा चिरलेला. पाण्याची एक लाट न दाखवता घुसळण किती जोरात चालली आहे ते कळतं. वर असुर-देव सगळे एकाच मुद्रेत, तंगडी पुढे, अंग मागे. पण असुरांचे डोळे बटबटीत आणि डोक्यावर तुऱ्यांची शिरस्त्राणं, देवांचे डोळे बदामी आणि मुकुट निमुळते. मध्यभागी विष्णूच्या आसपासचं कोरीवकाम अर्धवट राहिलंय, छिन्नीच्या नुसत्या प्राथमिक खुणा. कारागिराचं आखणीचं काम असं उघडं बघायला मिळतं तेव्हा माझ्यासारखीला आणखी काय हवं? या ओवरीचं छप्पर अलीकडे, २०१२च्या सुमारास, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने दुरुस्त केलं.

या बाजूला खरा उजेड सकाळी असतो. दुसऱ्या दिवशी आम्ही पूर्वेच्या दाराने आत गेलो. तिकडून रस्ता कच्चा आहे, गर्दी नाही आणि ऊन सरळ समुद्रमंथनावर पडतं. पहाटे उठायची हौसच असेल तर अशी भागवा. तिथून पुढची पूर्व-उत्तरेची भिंत मात्र भराभर चालून जा. विष्णूची असुरांशी लढाई आणि कृष्ण-बाणासुर हे भाग सोळाव्या शतकात कोरले आणि हात उतरलेला स्पष्ट दिसतो.

आपल्या लोकांनी गाइडला विचारायचा आणखी एक प्रश्न: भारताने इथे काय काम केलं? १९८६ ते १९९३ या काळात, तिथे यादवीची धग असताना, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अंकोर वाटचं जतन केलं. दगड साफ करायला वापरलेली रसायनं आणि सिमेंट यांवर पुढे टीकाही झाली. गाइडने हे दोन्ही सांगितलं, आडपडदा न ठेवता, आणि मला ते पटलं. ता प्रोमलाही आपलं पथक काम करत आलंय. ता प्रोम म्हणजे ते झाडांच्या मुळांनी कवटाळलेलं देऊळ. एका मुळापाशी फोटोसाठी रांग लागते, तिथे थांबू नका. बायॉनची प्रचंड दगडी तोंडं सगळ्यांना माहीत असतात, पण तिथलीही बाहेरची भिंत बघा: बाजार, कोंबड्यांची झुंज, चुलीवर शिजणारा भात, बाळंतीण. राजे-देव बघून दमलेल्याला तिथे बरं वाटतं.

तिसऱ्या दिवसाचे पैसे वसूल झाले ते बांतेय स्रेईला. शहरापासून लांब, टुकटुकने तासाहून जास्त, धूळ खात. सन ९६७चं, यज्ञवराह नावाच्या विद्वान ब्राह्मणाने बांधवलेलं, आणि इतकं बुटकं की दारातून जाताना राजासुद्धा वाकला असेल. गुलाबी वालुकाश्मावर लाकडावर करावी तशी नक्षी आहे. एका कमानीवर रावण कैलास हलवतोय. वर शिव, त्याला बिलगलेली पार्वती, पायऱ्या-पायऱ्यांवर घाबरलेले ऋषी आणि प्राणी. वेरूळच्या कैलास लेण्यातला हाच प्रसंग ज्याने पाहिला असेल त्याने दोन्हींची तुलना करायलाच हवी. वेरूळचा रावण खोल अंधारात, पाठ लावून सगळा जोर काढतो. इथला रावण उजेडात आहे, हातांचा पंखा पसरून, नाचल्यासारखा. मला वेरूळचा जास्त भावतो. वहिनींना इथला, कारण त्याची सगळी डोकी दिसतात.

आता अडचणी. अंकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, बाकानला, खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, वरून ओढणी टाकून भागत नाही. चढ अतिशय उभा आहे. वहिनी ओचा खोचून चढल्या, उतरताना मात्र कठडा दोन्ही हातांनी धरून, उलट्या तोंडाने. बौद्ध सणवारांना तो मजला बंद असतो, आधी विचारा. शाकाहारींचे हाल होतात, कारण भाजीतही मासळीचा रस्सा किंवा मासळीची पेस्ट असते. "व्हेज" म्हटल्याने काम भागत नाही, मासळीचा रस्साही नको असं वेगळं सांगा. आम्ही मेतकूट आणि दाण्याची चटणी नेली होती आणि भात सगळीकडे उत्तम मिळतो, म्हणून निभावलं. नवा विमानतळ २०२३पासून शहराबाहेर चाळीसेक किलोमीटरवर गेलाय, गाडी आधी ठरवून ठेवा. आणि मार्च-एप्रिलमध्ये जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीतसुद्धा अकरानंतर दगड तापतात, दुपारी बारा ते तीन खोलीवर परत यावं, जेवून झोपावं आणि मग पुन्हा पास दाखवून आत शिरावं. दिवसातून कितीही वेळा सोडतात.