‘माणूस दिसला की ईडी’: एका व्याकरण कोर्सला पाचपैकी तीन तारे

बँकेच्या परीक्षेसाठी 499 रुपयांचा इंग्रजी व्याकरणाचा रेकॉर्डेड कोर्स घेतला. बार्शीत आमच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा बघतो. टेन्स, आर्टिकल वगैरे ठीक. सांगायचंय ते पार्टिसिपल ॲडजेक्टिव्हच्या, म्हणजे क्रियापदापासून बनलेल्या विशेषणाच्या धड्याबद्दल, कारण वाक्यातली चूक शोधायच्या प्रश्नांत माझे मार्क तिथंच जातात.

40 मिनिटांतली पहिली 10 ‘मित्रांनो, तुम्ही करू शकता’ यातच गेली. मग सरांनी नियम लिहिला: माणूस असेल तर शब्दाच्या शेवटी ईडी (-ed), वस्तू असेल तर आयएनजी (-ing). आय ॲम बोअर्ड, द मूव्ही इज बोअरिंग. झकास वाटलं. पण मग ‘बोअरिंग टीचर’चं काय? टीचर माणूसच की!

शंकांच्या लाइव्ह तासाला मी म्हणालो, ‘सर, आय ॲम कन्फ्यूजिंग.’ सर म्हणाले, ‘ते दिसतंयच.’ उत्तर दिलं त्यांच्या सहायक मॅडमनी, तेही सरळ मराठीत: भावना ज्याच्या मनात उठते त्याला ईडी, जो ती उठवतो त्याला आयएनजी, मग तो माणूस असो नाहीतर पिक्चर. म्हणजे मी कन्फ्यूज्ड, सरांचा नियम कन्फ्यूजिंग. त्या पाच मिनिटांत पैसे वसूल.

पुढं त्या म्हणाल्या, शब्दाआधी ‘व्हेरी’ लावून बघा. ‘व्हेरी टायर्ड’ चालतं, म्हणजे विशेषण पक्कं. ‘ब्रोकन चेअर’ला व्हेरी लागत नाही, तरी ते विशेषणच, आपली मोडलेली खुर्ची. शाळेत ‘धातुसाधित विशेषण’ नुसतं घोकलं होतं, ते असं गल्ल्यावर बसून कळलं. आणि आयएनजी दिसला की लगेच विशेषण म्हणून झडप घालायची नाही. ‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहतं पाणी, वाहतं ते पाणीच. ‘ड्रिंकिंग वॉटर’मध्ये पाणी काही पीत नाही, ते प्यायचं पाणी, तिथलं ड्रिंकिंग म्हणजे जेरंड, क्रियापदापासून बनलेलं नाम.

दोन तारे कापले ते सरांच्या नियमासाठी आणि कोर्सच्या प्रश्नांच्या पीडीएफसाठी. प्रश्न 17: ‘द गेट वॉज क्लोज्ड बाय द वॉचमन’. उत्तरतालिका म्हणते, क्लोज्ड हे विशेषण. अहो, वॉचमननं गेट लावलं, क्रिया झाली. हा सरळसरळ पॅसिव्ह, आपला कर्मणी प्रयोग. ‘द गेट इज क्लोज्ड, कम टुमॉरो’ असतं तर मानलं असतं. दोनदा मेल केला, दोन्ही वेळा नुसतं ‘थँक यू’ आलं. कोर्स घेतलेल्यांनी 17 चं उत्तर पेनानंच दुरुस्त करून घ्या.