विंडोज ११ पेनड्राइव्हवरून: फॉरमॅट मारायचा की आहे त्यावरच चढवायचं?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोजचा पेनड्राइव्ह बनवणारं मीडिया क्रिएशन टूल कुठून घ्यायचं, आठ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि तो अख्खा पुसला जातो, हे सगळं तुम्हाला माहिती आहे असं धरून चालतो. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर वगैरे अडथळेही तुमच्या मशीनने पार केलेत असं समजू. खरं डोकं त्यानंतर खाजवावं लागतं. पेनड्राइव्ह तयार आहे, आता पुढे? त्यावरून मशीन बूट करायचं आणि सी ड्राइव्ह साफ करून कोरं विंडोज टाकायचं, की चालू विंडोज १० मध्येच पेनड्राइव्ह उघडून सेटअपवर डबल क्लिक मारायचं आणि आहे त्यावरच ११ चढवायचं? लिहायला सोपं जावं म्हणून पहिल्याला 'बाहेरून' म्हणतो, दुसऱ्याला 'आतून'.

मी दोन्ही केलंय. डेस्कटॉपला बाहेरून, कारण तिथे जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवायचीच होती, आणि लॅपटॉपला आतून. दोन्ही मशीन आज छान चालतात. त्यामुळे एक चांगलं आणि एक वाईट असं काही नाहीये, पण माझा कल कुठे आहे ते लपणार नाही म्हणा.

पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा तुमच्या कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याकडे विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं, "काका, फॉरमॅट मारून घ्या, एकदम मक्खन चालेल." त्याच्या बाजूने तो बरोबरच बोलतो. कोऱ्या विंडोजमध्ये त्याला सरप्राइज कमी, तासाभरात मशीन तुमच्या हातात, आणि "डेटा घ्यायचाय का?" एवढं विचारलं की त्याची जबाबदारी संपली. पण डेटा म्हणजे फोटो आणि वर्डच्या फायली एवढंच नसतं ना, ते घरी येऊन मशीन उघडल्यावर कळतं. बाहेरून टाकणं म्हणजे आपल्याकडचं सोसायटीचं रीडेव्हलपमेंट आहे, नवा फ्लॅट एक नंबर, पण मधल्या काळात कुठला डबा कुठल्या खोक्यात गेला ते शोधत बसायचं.

तरी बाहेरूनचे फायदे आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. पार्टिशन नव्याने पडतात, कंपनीने लॅपटॉपबरोबर भरून दिलेला कचरा जातो, वर्षानुवर्षं साचलेली स्टार्टअपची जत्रा जाते. लायसन्सची काळजी नको, आधीचं विंडोज १० ॲक्टिव्हेटेड असेल तर डिजिटल लायसन्स त्या मशीनच्या नावावर असतं, सेटअपने प्रॉडक्ट की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' म्हणायचं आणि तीच एडिशन निवडायची, नेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर होम सिंगल लँग्वेज असतं, तेवढं आधी सेटिंग्जमध्ये बघून ठेवा, नाहीतर चुकीची एडिशन टाकून बसाल. जुनं विंडोज ३२ बिट असेल तर मग प्रश्नच मिटला, ११ फक्त ६४ बिट आहे आणि ३२ वरून ६४ वर आतून जाताच येत नाही, बाहेरूनच या.

बाहेरूनच्या दोन खोड्या मात्र माहिती हव्यात. अकराव्या पिढीच्या इंटेलपासून पुढच्या काही लॅपटॉपमध्ये सेटअपला एसएसडी दिसतच नाही, ड्राइव्हची यादी रिकामी, माणूस घाबरतो की डिस्क गेली. डिस्क ठणठणीत असते, इंटेलचा स्टोरेजचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून त्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवायचा आणि 'लोड ड्रायव्हर' करायचं. दुसरी खोडी वायफायची, कोरं विंडोज पहिल्याच सेटअपमध्ये नेट मागतं आणि वायफायचा ड्रायव्हर नसतो, तेव्हा फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की सहसा भागतं. बाकी स्टेप सोप्या आहेत. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासूनचा इन्स्टॉलर तर बूट झाल्यावर 'फायली, ॲप, सेटिंग सगळं डिलीट होईल हे मान्य' अशी खूणच करायला लावतो, म्हणजे नंतर कोणी कांगावा नको.

आता ज्या एका गोष्टीने माझं ठरलं ती सांगतो, आणि ती बऱ्याच जणांना फालतू वाटेल. मराठी फॉन्ट.

मी गणेश मंडळाचा अहवाल, सोसायटीची स्मरणिका, कधी ओळखीतल्या कोणाच्या दिवाळी अंकाची काही पानं असली जुळणीची कामं बाजूला करत असतो, आणि त्यातल्या जुन्या फायली सगळ्या युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमधल्या आहेत. या फॉन्टचं कसं असतं, आतमध्ये इंग्रजीची अक्षरं आणि चिन्हंच असतात, फक्त त्यांच्या जागेवर क, ख, वेलांटी, रफार यांची चित्रं बसवलेली. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की त्याच पानावर कंस, टक्के, डॉलर आणि इंग्रजी अक्षरांची गिचमिड. युनिकोडमध्ये टाइप करणाऱ्याला हा प्रकार माहितीच नसतो, निर्मला फॉन्ट विंडोजबरोबर येतोच, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड पूर्वीपासून आहे आणि २०१९ च्या मे अपडेटपासून फोनेटिक पण आला. आमच्यासारख्यांचं तसं नाही.

डेस्कटॉपचा बॅकअप मी व्यवस्थित घेतला होता, फॉन्टचा फोल्डर सकट. तरी कोऱ्या विंडोजमध्ये जुनी फाइल उघडली तर मथळे मराठीत आणि मजकूर गिचमिड. कारण शोधता शोधता संध्याकाळ गेली, ते असं निघालं की विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून फॉन्टवर साधं 'इन्स्टॉल' केलं की तो विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये जातच नाही, तो त्या युजरच्या ॲपडेटामधल्या लपलेल्या फोल्डरमध्ये जातो. सगळ्यांसाठी टाकायचा तर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' म्हणावं लागतं. म्हणजे माझे निम्मे फॉन्ट एका जागी आणि निम्मे दुसऱ्या जागी, आणि जुन्या डीटीपी (पानं जुळवण्याच्या) सॉफ्टवेअरला त्या लपलेल्या जागेतले दिसत पण नाहीत. बरं फॉन्ट सापडले तरी झालं नाही. एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्या माझ्याकडे निघाल्या, एकीत 'द्ध' जिथे आहे तिथे दुसरीत काहीतरी वेगळंच, म्हणजे पान वरवर वाचलं तर मराठीच दिसतं पण 'शुद्ध' मध्ये घोळ आणि 'प्रसिद्ध' मध्ये घोळ, आणि हे शोधायला परत अख्खं प्रूफ वाचायचं. त्यात वर टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स, कंपनीचं नाव घेत नाही, ते जुन्या विंडोजमधून सोडवून घेतलं होतं तरी नव्यावर लागेना, मग फोन करा, मेल करा, बिलाचा फोटो पाठवा. ज्यांची बोटं टायपिंग क्लासमध्ये रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या लेआउटवर, बसलीत त्यांना हे सॉफ्टवेअर नसेल तर हात बांधल्यासारखं होतं, विंडोजच्या स्वतःच्या मराठी कीबोर्डात तो लेआउट नाही.

तुमच्याकडे मराठी फॉन्ट नसतील. पण हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल, जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन असेल, जुना प्रिंटर असेल ज्याची सीडी कधीच हरवलीये. प्रत्येकाच्या मशीनमध्ये असं एक काहीतरी असतंच जे परत बसवायला विंडोज टाकण्यापेक्षा जास्त वेळ जातो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स फॉरमॅटच्या आधी सरेंडर करायचं असतं हे सीएकडच्या पोरांना बरोबर माहिती असतं, घरच्या माणसाला नसतं.

लॅपटॉपला आतून केलं तेव्हा यातलं काहीच झालं नाही, म्हणून मी आतूनच्या बाजूचा. रीस्टार्ट झालं, जुनी फाइल उघडली, 'द्ध' जागेवर. टायपिंगच्या सॉफ्टवेअरने लायसन्स विचारलं पण नाही. तुमच्याकडे असंच होईल याची गॅरंटी मी कशी देणार, पण माझ्या ओळखीत ज्यांनी आतून केलं त्यांचीही तक्रार ऐकली नाही.

आतून करताना लक्ष ठेवायची मुख्य जागा म्हणजे 'काय ठेवायचं' विचारणारी स्क्रीन. तिथे तीन पर्याय येतात, फायली आणि ॲप दोन्ही ठेवा, फक्त फायली ठेवा, काहीच नको. पहिला पर्याय निवडता यायला हवा. तो जर फिका दिसत असेल, क्लिकच होत नसेल, तर बहुतेक वेळा भाषेची भानगड असते, मशीनवर इंग्लिश इंटरनॅशनल आणि पेनड्राइव्हवर अमेरिकन इंग्लिश, किंवा उलटं. आपल्याला दोन्ही इंग्लिशच, पण सेटअपला ती दोन वेगळी विंडोज वाटतात. मित्राच्या मशीनवर पेनड्राइव्ह बनवला की हे हमखास होतं, कारण टूल ज्या मशीनवर चालतंय त्याचीच भाषा आधी सुचवतं. अशा वेळी 'नेक्स्ट' दाबू नका, खिडकी बंद करा, बरोबर भाषेचा पेनड्राइव्ह परत बनवा. हा एवढा वैताग आतूनच्या खात्यात मांडायलाच हवा.

आणखी एक, मध्ये तीन-चार वेळा रीस्टार्ट होतं तेव्हा बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, यूएसबी पहिल्या नंबरवर असेल तर मशीन पेनड्राइव्हवरून बूट होऊन परत पहिल्या स्क्रीनवर येतं आणि वाटतं अडकलं. बूट ऑर्डरमध्ये डिस्क वर ठेवा. जुन्या मशीनवर विंडोज १० लेगसी म्हणजे जुन्या बूट पद्धतीने, एमबीआर या जुन्या पार्टिशन मांडणीच्या डिस्कवर असेल तर आतून जाण्याआधी ती जीपीटी या नव्या मांडणीची करावी लागते, विंडोज १० मध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल आहे, डेटा न पुसता करतं, पण ज्याला कमांडची भीती वाटते त्याने इथे बाहेरूनचा विचार करायला हरकत नाही. आणि बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी, टीपीएम चालू करण्याआधी सुद्धा, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का बघा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. कोऱ्या २४एच२ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की बऱ्याच मशीनवर हे एन्क्रिप्शन गुपचूप चालू होतं, म्हणजे बाहेरूनवाल्यांनी तर नंतर सुद्धा बघायला हवं.

ज्यांचं सॉफ्टवेअर लायसन्सच्या जुन्या यूएसबी डोंगलवर चालतं त्यांच्यासाठी एक बारीक फरक. कोऱ्या विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सोय सहसा आपोआप चालू असते आणि ती कधीकधी जुन्या ड्रायव्हरला आत घेत नाही. आतून गेलात तर ती आधी जशी होती तशीच राहते. ती बंद ठेवणं सुरक्षेच्या दृष्टीने बरं नाही हे मान्य, पण अहवाल उद्या छापायला द्यायचा असेल तर माणूस काय करणार.

वेगाचं म्हणाल तर मी काही स्टॉपवॉच लावलं नाही. कोरं मशीन पहिले काही दिवस चपळ वाटलं, मग माझी सगळी सॉफ्टवेअर परत भरली आणि फरक कळेनासा झाला. डेस्कटॉपला जो वेग आला तो मला वाटतं एसएसडीचा जास्त, फॉरमॅटचा कमी.

आतूनची मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे परतीची वाट. जुनं विंडोज एका फोल्डरमध्ये तसंच राहतं आणि १० दिवस सेटिंग्जमधून 'गो बॅक' करून विंडोज १० वर परत जाता येतं, कमांड देऊन ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता पण येते. फक्त जागा खातोय म्हणून डिस्क क्लीनअपमध्ये तो फोल्डर उडवू नका, वाट बंद होते. सी ड्राइव्ह आधीच काठोकाठ भरलेला असेल तर आतून सुरू करण्यात अर्थ नाही, आधी जागा करा. बाहेरच्या कंपनीचा अँटीव्हायरस असेल तर तो पण तेवढ्यापुरता काढा.

तर बाहेरून कोणी जावं? मशीनमध्ये व्हायरस शिरलाय, विंडोज १० च रडतखडत चालतंय, सेकंड हँड लॅपटॉप घेतलाय, डिस्क बदलताय, किंवा मशीन भाच्याला देऊन टाकायचंय. भाच्याला तुमचे फॉन्ट नकोच असतात. मशीन बरं चालतंय आणि त्यावर रोजचं काम आहे, तर मी तरी आतूनच जाईन. तरीही बॅकअप दोन्हीकडे घ्यायचाच, आणि त्यात ॲपडेटामधले फॉन्ट विसरायचे नाहीत.

कुठल्याही मार्गाने जा, गुरुवारी नको. आमच्याकडे महावितरणची मेंटेनन्सची लाईट नेमकी त्याच दिवशी जाते, आणि यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर अर्ध्यात गेलेलं अपग्रेड कोणाला हवंय. लॅपटॉप असेल तर बॅटरी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, चार्जर लावूनच बसा. आणि काम झालं की लगेच पेनड्राइव्ह पुसून त्यात गाणी भरू नका, उद्या विंडोज बूटच झालं नाही तर त्याच पेनड्राइव्हवरून 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' मध्ये शिरता येतं.